साठीनंतरची मोटरसायकल: आधी जुन्या गाड्यांची यादी काढा, मग चावी हातात घ्या

परवा ६७ पूर्ण झाली. नातू मांडीवर बसून विचारतोय, आबा तुमच्याकडे आत्तापर्यंत किती गाड्या होत्या, तर मी बोटं मोजायला घेतली आणि राजदूत, येझडी, चेतक, आरएक्स, बुलेट, सीडी हंड्रेड, पल्सर, मिटिऑर अशी आठ झाली, दोन बोटं उरली. तो म्हणाला, मग अजून दोन घ्या की. त्यावर त्याच्या आजीने स्वयंपाकघरातून जो आवाज काढला तो लिहिता येत नाही.

आमचा साताऱ्यात रविवारचा ग्रुप आहे, सकाळी सहाला पोवई नाक्यावर चहा, मग यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत आणि नऊच्या आत घरी. सगळे साठी ते पंच्याहत्तरीतले. कुणाचा गुडघा बदललाय, कुणाच्या छातीत स्टेंट, एकाच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत. आणि आता पन्नाशीतली मंडळी येऊन विचारतात, काका किती दिवस चालवता येते, काय काळजी घ्यायची, कुठली गाडी घेऊ. प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. मी डॉक्टर नाही, मेकॅनिक नाही, पण पडलेलो आहे, त्यामुळे थोडा अधिकार आहे असं समजा.

आधी यादी

पहिलं काम कागद पेन घेऊन बसायचं आणि आयुष्यात चालवलेल्या सगळ्या गाड्या लिहायच्या. वडिलांची असली तरी, मित्राची वर्षभर वापरलेली असली तरी. नुसती नावं लिहू नका. प्रत्येकीपुढे किती वर्षं चालवली, गिअर कुठल्या पायाला (की हाताला), ब्रेक कुठल्या पायाला, आणि शेवटी त्या गाडीने आपल्याला कुठली सवय लावली ते. हा शेवटचा रकाना महत्त्वाचा, बाकीचं सगळं गप्पांचं.

का ते सांगतो. २०२१ चा सप्टेंबर, कासला फुलांचा सीझन, मी घाटातून खाली येतोय, रस्ता ओला, स्पीड फार तर पस्तीस-चाळीस. वळणावर म्हैस. म्हणजे अगदी मधोमध, माझ्याकडे बघत उभी. आणि माझा डावा पाय खाली गेला. सगळा जोर लावून. बुलेटवर मी अठरा वर्षं डाव्या पायाने ब्रेक मारला होता, जुन्या बुलेटला गिअर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे, आणि ती विकून बारा वर्षं झाली होती बरं का. मधे पल्सर चालवली, ही नवीन मिटिऑर घेऊनही दहा महिने झाले होते, डोक्याला पक्कं माहिती होतं की डावीकडे गिअर आहे. पण म्हैस दिसली तेव्हा पायाने डोक्याला विचारलंच नाही. डाव्या पायाने गिअर पाडला, क्लच न दाबता, मागचं चाक ओल्या डांबरावर सटकलं आणि मी म्हशीच्या चार पावलं अलीकडे आडवा. म्हैस शांतपणे निघून गेली. डाव्या मनगटाला केसाएवढी चीर, सहा आठवडे प्लास्टर.

प्लास्टरमधे असतानाच ही यादी काढली. डावा हात बांधलेला, दुसरं काम काय. आणि लिहिता लिहिता लक्षात आलं की प्रत्येक गाडी आपल्या अंगात काहीतरी ठेवून गेलीय, विकली तरी ते विकलं जात नाही. तरुणपणी नवीन सवय जुनीवर लवकर बसते, साठीनंतर वेळ लागतो, आणि घाबरल्यावर माणूस सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात जास्त घोटलेल्या सवयीकडेच पळतो.

माझी यादी नमुना म्हणून देतो, तुमची वेगळी असेल.

राजदूत १७५, वडिलांची, शिकलो तिच्यावर १९७४ ला. टू स्ट्रोक, टाकीत पेट्रोलबरोबरच ऑइल मिसळायचं. तिने लावलेली सवय म्हणजे घाट उतरताना क्लच धरून किंवा न्यूट्रल टाकून गाडी सोडून द्यायची. वडील तर इंजिनच बंद करायचे, पेट्रोल वाचतं म्हणून. टू स्ट्रोकच्या बाबतीत त्यात थोडं तथ्यही होतं, कारण इंजिनाला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, थ्रॉटल बंद करून गिअरमधे उतरत राहिलात तर ऑइलही कमी जातं, आणि टू स्ट्रोकला इंजिनाचा ब्रेक (थ्रॉटल सोडला की इंजिनच गाडीला रोखतं तो) तसाही फार नसतो. पण आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या फोर स्ट्रोक गाडीत गिअरमधे राहून थ्रॉटल सोडला की बहुतेक गाड्या पेट्रोल तोडतातच, म्हणजे न्यूट्रलने वाचत काहीच नाही, वर इंजिनाचा ब्रेक गेला आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर. आमच्या ग्रुपमधे आजही दोघं तिघं खंबाटकी न्यूट्रलमधे उतरतात. सांगून दमलो.

येझडी, सेकंडहँड, १९८० ला घेतली, अजून घरी आहे. एकच लिव्हर, तोच गिअर आणि तोच आत ढकलून वर फिरवला की किक. ज्यांनी ती चालवली नाही त्यांना हे खोटं वाटतं. तिने चांगली सवय लावली, अंतर ठेवायची. त्या काळच्या सगळ्याच ड्रम ब्रेकच्या गाड्या थांबायला वेळ घ्यायच्या, त्यामुळे पुढच्या ट्रकपासून लांब राहायचं हे अंगात भिनलं. ही सवय जपा, ही फुकट मिळालेली आहे.

चेतक, लग्नानंतर. नंबर लावून वाट बघायचा जमाना तो, सासऱ्यांनी बुक केलेली मला मिळाली, त्याबद्दल अजून ऐकतो. गिअर डाव्या हातात, ब्रेक उजव्या पायाला, आणि सवय एकच, पुढचा ब्रेक कधी वापरायचाच नाही. स्कूटरवर वाढलेल्या पिढीला पुढच्या ब्रेकची भीती असते, दाबला की उलटे पडू असं वाटतं. ही सगळ्यात वाईट सवय आणि सगळ्यात जास्त लोकांना आहे.

आरएक्स हंड्रेड, १९८८ ला नवी घेतली. हिच्याबद्दल लिहायला बसलो तर पानं भरतील. ९८ सीसी, पण दोन एसटींच्या मधली फट दिसली की मनगट आपोआप फिरायचं आणि गाडी तिथून निघालेली असायची. सवय म्हणजे ओव्हरटेकचा हिशोब. आजही समोरचं वाहन बघून जो आकडा मनात येतो तो आरएक्सवरच्या तिशीतल्या माणसाचा असतो, आत्ता हाताखालची गाडी दुप्पट वजनाची आणि बसलेला माणूस दुप्पट वयाचा. मी आता नियमच केलाय, मनात "जाईल" असं आलं की जायचं नाही, "आरामात जाईल" असं आलं तरच.

बुलेटचं सांगितलंच. १९९१ ते २००९. त्यातही किक मारायची एक पूजाच असायची, अँमीटरचा काटा मधे आणायचा, डीकम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडणारी छोटी लिव्हर) दाबून पिस्टन जरा पुढे न्यायचा, मग सोडून एकच सणसणीत. घाई केली की पाय उलटा फेकायची आणि चूक आपलीच असायची. सीडी हंड्रेड ऑफिसला जायला ठेवली होती, तिने काही सवय लावली नाही, गरीब गाय होती, फक्त पेट्रोल भरायचं विसरायची सवय लागली म्हणा. पल्सरवर पहिल्यांदा पुढे डिस्क ब्रेक मिळाला आणि वयाच्या ४५ व्या वर्षी कळलं की गाडी थांबते पुढच्या चाकाने.

सवय मोडायची कशी

यादी झाली की त्यातली एक, सगळ्यात घातक निवडा. सगळ्या एकदम मोडायला जाऊ नका. माझी डाव्या पायाची होती. मी काय केलं, महिन्याच्या पहिल्या रविवारी शाळेच्या मोकळ्या मैदानाजवळचा सरळ रस्ता धरायचो, वीस मिनिटं, बास. तीसच्या स्पीडने यायचं, ठरलेल्या झाडापाशी पूर्ण थांबायचं. आणि थांबताना तोंडाने मोठ्याने म्हणायचं "उजवा". हसू नका, पहिल्यांदा मलाही लाज वाटली, तिथे क्रिकेट खेळणारी पोरं चिडवायची, पण तोंडाने म्हटलेलं पायाला लवकर कळतं हा माझा अनुभव आहे. सहा महिन्यांनी एकदा कुत्रं आडवं आलं तेव्हा पाय बरोबर गेला. आणि तोंडातून "उजवा" पण निघालं, मागे सौ. बसलेली, ती म्हणाली काय उजवा?

पुढच्या ब्रेकचं तसंच. झटका द्यायचा नाही, लिंबू पिळतो तसं दाबत न्यायचं, आधी हलकं, गाडीचं वजन पुढे आलं की मग जोरात. मागचा ब्रेक सोबत. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय, असेल (१२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून आहेच) तर एकदा मुद्दाम ते चालू होईपर्यंत दाबून बघा, लिव्हर हाताखाली थरथरते, टकटक लागते. आमच्यातल्या एकाला हे माहिती नव्हतं, पहिल्यांदा थरथरली तेव्हा त्याला वाटलं काहीतरी तुटलं आणि त्याने ब्रेक सोडून दिला! नेमका नको तेव्हा. नशिबाने समोर उसाची ट्रॉली उभी होती ती दहा फूट लांब राहिली. थरथरलं की दाबूनच ठेवायचं, गाडी आपलं काम करतेय.

गाडी किती वजनाची घ्यावी

हा प्रश्न सगळे विचारतात आणि उत्तर कुणालाच आवडत नाही. रिटायर झालो, फंड आला, आता जन्मभराची हौस पूर्ण करायची म्हणून लोक एकदम मोठी गाडी घेतात. चालताना काहीच वाटत नाही, गाडी चालायला लागली की वजन गायब. वजन कळतं ते पार्किंगमधे, उतारावर उलटी ढकलताना, सिग्नलला खड्ड्यात पाय पडला तेव्हा. आमच्यात जे पडलेत त्यातले बरेचसे उभ्या गाडीवरून पडलेत, हे कुणी सांगत नाही कारण सांगायला लाज वाटते.

आकडे बघा. स्प्लेंडर ११२ किलोच्या आसपास, अव्हेंजर २२० साधारण १६३, हंटर ३५० साधारण १८१, माझी मिटिऑर १९१, क्लासिक ३५० साधारण १९५. वजनाइतकीच सीटची उंची. मिटिऑरची ७६५ मिलिमीटर, क्लासिकची ८०५. चार सेंटिमीटरचा फरक कागदावर काही नाही, पण पाच फूट चार इंचाच्या माणसाला गुडघा वाकत नसेल तर तो फरक म्हणजे टाच टेकणं आणि चवडा टेकणं. दोन्ही टाचा टेकल्या पाहिजेत, यात तडजोड नको.

शोरूममधे गेलात की नुसते बसून फोटो काढू नका. तीन गोष्टी करा. एक, गाडी बंद ठेवून बसल्या बसल्या पायाने दहा फूट मागे ढकला. दोन, मेन स्टँड असेल तर एकट्याने लावून दाखवा, स्वतःलाच. तीन, पाच वेळा चढा आणि पाच वेळा उतरा, सलग. पाचव्या वेळी पाय सीटला घासला तर ती गाडी तुमची नाही, किंवा मागे बॅग बांधायची नाही. मी आता पाय फेकतच नाही, साइड स्टँड लावलेला ठेवतो, हँडल दोन्ही हातात, पुढचा ब्रेक धरून, उजवा गुडघा छातीकडे घेऊन टाकी आणि सीटच्या मधून पलीकडे सरकवतो. दिसायला अजिबात स्टाइलमधे नाही. फुटपाथच्या कडेला गाडी लावली की अजून सोपं, चार-पाच इंच उंची फुकट मिळते. आणि हलकी गाडी घेतली म्हणून कुणी हसलं तर हसू द्या, आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ अण्णा ७५ चे आहेत, त्यांनी तीन वर्षांपूर्वी जड गाडी देऊन स्प्लेंडर घेतली आणि तेव्हापासून कासला पहिले तेच पोचतात.

पडलेली गाडी उचलणं

हे जमत नसेल तर एकट्याने बामणोलीच्या रस्त्याला जाऊ नका, सरळ सांगतो. आणि हे ताकदीचं काम नाहीये, मी घरच्या अंगणात जुन्या गादीवर गाडी मुद्दाम आडवी करून शिकलो, मुलगा मदतीला होता, शेजारी गॅलरीतून बघत होते.

पडली की आधी इंजिन बंद. स्वतःला तपासा, घाई नाही, हात थरथरत असतील तर पाच मिनिटं बसा, पाणी प्या. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, नाहीतर एवढ्या मेहनतीने उभी केलेली पलीकडे जाते (मी केलंय हे). डाव्या अंगावर असेल तर स्टँड गाडीखाली गेलेला असतो, तो उभी केल्यावर पायाने लावायचा. गिअरमधे टाका म्हणजे घरंगळणार नाही. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा. आता गाडीकडे पाठ करा, हो पाठच, सीटच्या कडेला आपलं बूड टेकवून उकिडवे बसा. एका हाताने हँडलची खालची मूठ, दुसऱ्या हाताने मागची पकडायची दांडी किंवा चासीचा मजबूत भाग, प्लास्टिक नको, सायलेन्सर तर अजिबात नको. पाठ सरळ, मान वर, आणि पायाने जमीन रेटत बारीक बारीक पावलं मागे टाकायची, जोर मांड्यांचा. गाडी वर येते. पहिली एक फूट जड जाते, मग हलकी होते, आणि शेवटी पलीकडे जाऊ नये म्हणून हळू. कमरेत वाकून समोरून खेचायला गेलात तर गाडी उठणार नाही आणि तुम्हीही.

गुडघा बदललेला असेल तर हा प्रकार डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. त्यांनी जोडीनेच फिरावं.

शरीराकडे बघा, पण कंटाळा येईल इतकं नको

डोळे. चाळिशीचा चष्मा असतो तो ठीक, पण प्रोग्रेसिव्ह काचा असतील तर खालच्या भागातून रस्ता बघितला जातो आणि स्पीड ब्रेकर धूसर दिसतो, त्यामुळे गाडीसाठी नुसत्या लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या, फार महाग नाही. समोरच्या गाडीच्या एलईडी लाइटभोवती चांदणी फुटल्यासारखी दिसायला लागली तर मोतीबिंदू तपासा. आणि हेल्मेटची काच. लोक दहा हजाराचं जॅकेट घेतात आणि काचेवर पाच वर्षांचे ओरखडे. तीनचारशे रुपयांत काच बदलून मिळते बऱ्याच हेल्मेटांची, अर्धा मोतीबिंदू तिथेच जातो.

मान. गाडीवर बसून खांद्यावरून मागे बघता येतंय का ते तपासा. येत नसेल तर आरसे लांब दांड्याचे लावा, आणि रोज अंघोळीनंतर मान हळू दोन्हीकडे वळवा, दोन मिनिटं. मला पहिल्या महिन्यातच फरक पडला.

पाय. एका पायावर उभं राहून मोजा घालता येतो का बघा. पलंगावर बसून घालत असाल तर सिग्नलला गाडी कलली तेव्हा तो पाय गाडीला धरणार नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस, रोज, एवढंच मी करतो. डायबेटिसवाल्यांनी तळपायाची संवेदना तपासून घ्यावी, ब्रेकचा पेडल पायाखाली आहे हे कळलंच नाही तर बाकी सगळं सांगून उपयोग नाही. खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोज बिस्किटं ठेवा, आणि हात थरथरायला, घाम फुटायला लागला की पुढचं गाव येऊ दे असं म्हणायचं नाही, तिथेच थांबायचं.

गोळ्या. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वारंवार होते, सर्दीच्या काहींनी झोप येते. डॉक्टरला "मी मोटरसायकल चालवतो" असं स्पष्ट सांगा, ते आपल्याकडे बघून गृहीत धरतात की हे घरीच असतील. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तशी चिठ्ठी लायसन्सच्या मागे ठेवा, घरच्यांच्या नंबरसकट, कारण डोक्याला मार लागला तर दवाखान्यात ती गोष्ट पहिल्यांदा कळायला हवी.

आणि प्रोस्टेट. हसतात सगळे पण दर पन्नास मिनिटांनी थांबायचं हे आमच्या ग्रुपने ठरवूनच टाकलंय, कुणी कारण विचारत नाही, चहाची टपरी बघून थांबतो आणि सगळे एकेक करून झाडामागे. लघवी लागेल म्हणून पाणीच न पिता साताऱ्याहून पुण्याला जाणारे आहेत, ते करू नका, उन्हात चक्कर येते.

गाडीचं थोडं

आपली रायडिंग कमी होते त्यामुळे टायर झिजत नाही, म्हाताराच होतो. नक्षी बघून फसू नका. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, समजा २३१९ तर २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच सहा वर्षं झाली असतील तर रबर कडक झालेलं असतं, ओल्यात पकडत नाही. माझ्या येझडीचा मागचा टायर नवाकोरा दिसायचा, आकडे बघितले तर अकरा वर्षांचा निघाला.

जुनी कार्बोरेटरची गाडी जपून ठेवली असेल तर लक्षात घ्या, आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुने रबरी पाइप, वॉशर खराब करतं. महिनाभर उभी ठेवणार असाल तर पेट्रोलचा कॉक बंद करून गाडी तशीच चालू ठेवा, कार्बोरेटरमधलं संपून ती आपोआप बंद पडेपर्यंत. क्लच, ब्रेकच्या लिव्हर बोटाजवळ आणून घ्या, बोटं आखडलेल्यांना फार फरक पडतो, स्क्रू फिरवायचा असतो नुसता, मेकॅनिक सांगितल्याशिवाय करत नाही. हेल्मेट आयएसआयचं, हलकं, आणि आतून सैल झालं की बदला, ते मुलाचं जुनं वगैरे वापरू नका.

सोडायची कशी

एकदम सोडायची नाही. एकदम सोडली की माणूस लवकर बसतो, बघितलंय मी. आम्ही पायऱ्या केल्यात. आधी रात्रीची बंद, सूर्य मावळायच्या आत घरी. मग पावसातली बंद. मग मागे कुणाला बसवणं बंद, यावर सौ. म्हणाली मीच बसणं बंद केलंय ते वेगळं. मग हायवे, मग घाट, आणि शेवटी गावातल्या गावात दूध आणायला. मी दुसऱ्या पायरीवर आहे.

कधी खाली उतरायचं ते ठरवायला एक छोटी वही ठेवा. गाडीवरून आलो की थोडक्यात वाचलो असं जे काही झालं असेल ते लिहायचं, तारीख घालून. इंडिकेटर चालू राहिला, खड्डा दिसलाच नाही, हॉर्न ऐकूच आला नाही. एखादी गोष्ट महिन्यात एकदा झाली तर होतं कधीकधी. तीनदा झाली तर एक पायरी खाली. स्वतःशी खोटं बोलता येतं, वहीत जरा अवघड जातं. मुलांना मात्र ती वही दाखवू नका, ती सरळ चावीच लपवतात.

कागदपत्रांचं राहिलंच. ५५ नंतर लायसन्स पाच पाच वर्षांनीच रिन्यू होतं, डॉक्टरचं तब्येतीचं फॉर्म १ए सर्टिफिकेट लागतं. संपायच्या एक वर्ष आधीपासून करता येतं, आधीच करा, कारण तारीख उलटली की त्या दिवसापासून गाडी चालवायची नाही आणि अपघात झाला तर इन्शुरन्सचा क्लेम अडकतो. वर्ष उलटून गेलं तर पुन्हा टेस्ट. या वयात आठचा आकडा काढून दाखवायचा म्हणजे, जाऊ दे. जुन्या गाडीचं आरसी (रजिस्ट्रेशन) १५ वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं, वर ग्रीन टॅक्स, आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर नवीन नंबर प्लेट.

आणि शेवटचं, २०२१ पासून आरसीवर नॉमिनी टाकता येतो, बँकेत टाकतो तसा. नसेल टाकला तर नंतर मुलांना वारसाच्या कागदांसाठी हेलपाटे, आणि तोवर गाडी दारात गंजते. मी येझडीला मुलीचं नाव टाकलंय. मुलगा दर दिवाळीत माळ्यावरचं काढताना म्हणतो, बाबा ही येझडी भंगारात देऊया का. त्याला अजून सांगितलेलं नाही.